मुलांच्या अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

आपल्या हुबळी-धारवाडकडे मातीत हात घालायचे सण गणपतीच्या कितीतरी आधी सुरू होतात. ज्येष्ठातल्या मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल, आषाढातल्या मंगळवारी मुलींची गुळ्ळव्वा, श्रावणात नागोबा आणि मग भाद्रपदात आपले बाप्पा. विद्यानगरात आम्ही राहायला आलो तेव्हा शेजारच्या कन्नड घरांतल्या मुली ओट्यावर बसून गुळ्ळव्वा करीत आणि आमच्या मुली त्यांच्यात खुशाल मिसळत. बैलाची शिंगे पडत, गुळ्ळव्वेचे नाक वाकडे होई, पण ते सारे मुलांचे असे.

काही वर्षांपूर्वी मी मुलांच्या एका सजावट-स्पर्धेची परीक्षक होते. पहिले बक्षीस एका देखण्या थर्मोकोलच्या मखराला मिळाले. मी त्या चिमुरड्याला विचारले, यातले तू काय केलेस? तो प्रामाणिक निघाला. बाबांनी केले आणि मी डिंकाची बाटली धरली, असे त्याने सांगितले. घरी परतताना मला राहून राहून ताराबाई मोडकांची आठवण येत होती. आपल्या पिढीतल्या पुष्कळांना त्यांचे नाव ठाऊक आहे, पण आयुष्य ठाऊक नाही. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी त्यांच्यावरच लिहायचे ठरवले.

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबईचा. घर प्रार्थना समाजाचे, म्हणजे एकेश्वरी उपासनेचे. समाजाच्या शिकवणीत मूर्तिपूजेला जागा नव्हती. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत अशा घरातल्या बाईंचे चरित्र कसे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे आपोआप येईल. त्या काळी मुलींनी शिकणे हीच नवलाई होती, आणि ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. पती मोडक वकील होते. पण हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी एका सुशिक्षित बाईला या निर्णयाची काय किंमत मोजावी लागली असेल, ते आपल्या आज्यांच्या पिढीतल्या बायकांनाच नीट सांगता आले असते.

पुढे राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. नोकरी मानाची होती. पण जवळच भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांत बसले होते. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले होते आणि इटलीच्या मारिया माँटेसरींची पद्धत आपल्या मातीत रुजवून पाहत होते. छडी नाही, पाठांतराची सक्ती नाही, मुलाला झेपेल ते मुलानेच करायचे. ताराबाईंनी हे पाहिले आणि १९२३ मध्ये मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या.

येथे आपल्यासारख्यांनी जरा थांबावे. ताराबाई मराठी, बालमंदिर गुजराती. त्यांनी गुजराती नुसती बाजारहाटापुरती शिकली नाही. त्या भाषेत मुलांना गोष्टी सांगितल्या, लेख लिहिले, शिक्षक घडवले. आणि म्हणून मराठी सुटली असेही झाले नाही. आपल्या घरांत मुले शाळेत इंग्रजी, गल्लीत कन्नड आणि आजीशी मराठी बोलतात. त्याची आपण फार काळजी करतो. मला वाटते, आपण नको तिथे काळजी करतो. भाषा जाते ती दुसरी भाषा आल्याने नव्हे, पहिलीत करण्यासारखे काही उरले नाही म्हणजे जाते. दूर्वा निवडताना, मोदकाला कळ्या पाडताना, आंब्याच्या डहाळीचे तोरण ओवताना जे शब्द तोंडात येतात ते पुस्तकातून येत नाहीत.

माँटेसरींची पद्धत गिजुभाई आणि ताराबाईंनी जशीच्या तशी उचलली नाही, हे त्यांचे मोठेपण. माँटेसरींना लहान मुलांसाठी अद्भुत कथा फारशा मान्य नव्हत्या. त्यांचा भर इंद्रियशिक्षणाच्या साधनांवर. इकडे या दोघांनी गोष्टी, गाणी, नाटुकली, लोकनृत्ये बालमंदिरात आणली. ज्या देशात मूल आजीच्या मांडीवर चिऊ-काऊची गोष्ट ऐकत मोठे होते, तेथे गोष्टीवाचून शाळा कशी चालेल? १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतूनही निघू लागली आणि तिची धुरा ताराबाईंनी वाहिली. घरी पालकांनी मुलांशी कसे वागावे हे महाराष्ट्रातल्या कितीतरी आयांनी त्या अंकांतून प्रथम वाचले.

मग ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. सोबत बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही चालले. १९३९ साली गिजुभाई गेले आणि कामाचा भार ताराबाईंवर आला. शिशुविहारचे नाव झाले, दादरच्या पांढरपेशा घरांतली मुले येऊ लागली. दुसरे कोणी असते तर येथेच स्थिरावले असते. ताराबाईंना मात्र बोचत होते. माँटेसरींनी १९०७ मध्ये आपले पहिले बालगृह काढले ते रोमच्या गरीब कामकरी वस्तीत. आपल्याकडे तीच पद्धत महागड्या साधनांमुळे खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरांची होऊन बसली होती.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि तेथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. तेथे त्यांना साथ मिळाली अनुताई वाघांची. बालपणीच वैधव्य आलेली ही तरुण शिक्षिका काही दिवसांसाठी म्हणून आली आणि जन्माची तेथलीच झाली. साधनांचा प्रश्न गावाने सोडवला. दुकानातून आणलेल्या रंगीत ठोकळ्यांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती. लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत, जड-हलके हे सारे शिंपल्यांतही कळते. चिंचोके मोजता येतात, ओळीत मांडता येतात आणि त्यांची रांगोळीही होते.

मुले मात्र येईनात. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाला घरी पाणी भरायचे, कोणाला शाळेचा धाक. तेव्हा ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जात आणि भोवती जमलेल्या मुलांना प्रथम न्हाऊ-माखू घालून, केस विंचरून मग गाणी-गोष्टी सुरू करीत. तीच अंगणवाडी. बालवाडी आणि अंगणवाडी हे दोन्ही शब्द ताराबाईंचे. आज आपल्या कर्नाटकातही गावोगावी पाटीवर कन्नड अक्षरांत अंगणवाडी लिहिलेले दिसते, आणि तो शब्द बोर्डीच्या एका अंगणातून निघाला हे वाचणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही.

या बालवाड्यांच्या वाटेने जे बालशिक्षण महाराष्ट्रात पसरले, त्यात सण हा सुटीचा दिवस राहिला नाही, तो कामाचा दिवस झाला. अंगण मुलांनीच झाडायचे, सडा त्यांनीच घालायचा, फुले त्यांनीच ओवायची. माती कालवायला लागते ते पाण्याचे माप बोटांना कळते. पाणी जास्त झाले तर बैल बसतो, कमी झाले तर तडकतो, आणि हे सांगायला बाईंची गरज पडत नाही. मातीच सांगते. माँटेसरींच्या साधनांतही हीच खुबी होती, चूक मुलाला साधनच दाखवते. आणि दिवाळीतला किल्ला? महाराष्ट्रातल्या मुलांना तो कुठल्या शाळेने शिकवला नाही, पण बालशिक्षणाचे त्याहून चांगले उदाहरण मला तरी सुचत नाही. हळीव पेरून त्याची हिरवळ उगवायची वाट पाहणारे मूल वनस्पतिशास्त्रही शिकते आणि धीरही.

मूर्तीला न मानणाऱ्या घरातल्या ताराबाईंची आठवण गणपतीत का, तर यासाठी. त्यांना सणातला देव मुलांवर लादायचा नव्हता आणि सणातले करणे मात्र कुणापासून हिरावून घ्यायचे नव्हते.

स्वातंत्र्याच्या आसपास काही वर्षे त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. तेव्हा आपला धारवाड जिल्हाही मुंबई इलाख्यातच होता. पण त्यांचे मन सभागृहात रमणारे नव्हते. १९५७ च्या सुमारास केंद्र डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर गेले, वारली पाड्यांच्या मधोमध. तेथेही नवी अडचण होती. मुले दिवसभर गुरांमागे. मग शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. गुरे चरत आणि शेजारी मुले शिकत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडीचा प्रयोगही झाला, म्हणजे कडेवरच्या भावंडाची सोय झाली आणि मोठी बहीण शाळेत बसू शकली.

वारल्यांच्या घरात लग्न असले की सुवासिनी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, पालघाट देवीचा. लहान मुली बाजूला बसून पाहतात. असे घर असलेल्या मुलीला चित्रकला शिकवायला जाणाऱ्याने आधी तिच्याकडून काय शिकावे, हा प्रश्न कोसबादला पडल्यावाचून राहत नाही. शहरी शाळा आजही छापील गणपतीच्या रेघांत मुलांना रंग भरायला लावतात आणि रेघेबाहेर गेलेल्याचा गुण कापतात!

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. त्या तेव्हा सत्तरीच्या होत्या. अनुताईंच्या हाती काम सुरक्षित होते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. भाद्रपद नुकताच लागला होता. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. अनुताई त्यानंतरही सतरा वर्षे, १९९२ पर्यंत, कोसबादला राबत होत्या.

यंदा मंडळात सजावट-स्पर्धा ठेवलेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवाच्या मागच्या बाजूला ताडपत्री अंथरून शाडूची माती, पाण्याच्या बादल्या, चिंचोके आणि दूर्वा ठेवायच्या असे ठरले आहे. कन्नड शेजाऱ्यांच्या मुलांनाही निरोप गेले आहेत. पालकांसाठी खुर्च्या आहेत, पण त्या जरा लांब मांडल्या आहेत.