फ्रेडरिक तिसरा : एक हरलेले युद्ध आणि त्यानंतर

विद्यार्थिमित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपण बहुधा विजयी पुरुषांची चरित्रे वाचतो. या उपघटकात तुम्हाला भेटणाऱ्या राजाने आपण होऊन युद्ध पुकारले आणि ते तो सपशेल हरला. तरीही मृत्यूसमयी त्याच्या हाती असलेली सत्ता त्याच्या वडिलांनाही कधी लाभली नव्हती. हे कसे घडले, हा प्रश्न मनात ठेवून पुढील मजकूर वाचा.

फ्रेडरिकचा जन्म १६०९ चा. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा क्रिस्तियान याचा हा धाकटा मुलगा. गादी थोरल्या भावाकडे जायची होती, म्हणून याच्यासाठी उत्तर जर्मनीतील ब्रेमेन व व्हेर्डेन या धर्मप्रांतांचे अधिपत्य मिळवण्यात आले. शेजारच्या स्वीडनने १६४५ पर्यंत तेही हिरावून घेतले आणि डेन्मार्कचे काही प्रदेशही घेतले. १६४७ मध्ये थोरला भाऊ वारला, पुढच्या वर्षी वडील. डेन्मार्कचे राजपद तेव्हा निवडणुकीचे होते. उमरावांच्या राजसभेने फ्रेडरिककडून कडक अटींचा करारनामा लिहून घेतला आणि मगच त्याला मुकुट दिला. स्वीडनविषयीचा सल आणि उमरावांनी बांधलेले हात, या दोन गोष्टी तुम्ही ध्यानात ठेवाव्यात.

१६५७ मध्ये स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव पोलंडमधील मोहिमेत अडकला होता. संधी साधून फ्रेडरिकने जूनमध्ये युद्ध जाहीर केले. हेतू समजण्याजोगा होता. सैन्याची तयारी मात्र नव्हती. कार्ल पोलंड सोडून झपाट्याने पश्चिमेकडे वळला, यूटलंड द्वीपकल्पात शिरला आणि ऑक्टोबरमध्ये त्याने फ्रेडरिक्सओडे हा नवा किल्ला जिंकला. आता राजधानी कोपनहेगन आणि शत्रू यांच्यामध्ये समुद्र होता, आणि डेन्मार्कची भिस्त त्या समुद्रावरच होती.

त्या हिवाळ्यात समुद्रच गोठला. स्वीडिश फौज घोडे व तोफांसह प्रथम लहान बेल्टची सामुद्रधुनी ओलांडून फ्युन बेटावर आली. बर्फ फुटून काही घोडेस्वार बुडाले, तरी फौज थांबली नाही. एरिक डालबेर्ग या अभियंत्याने पुढच्या बर्फाची पाहणी केल्यावर मोठा बेल्टही बेटाबेटांवरून पार करण्यात आला. रोस्किल्ड येथे २६ फेब्रुवारी १६५८ रोजी (तेथील तत्कालीन कालगणनेनुसार) तह झाला. स्कोने, हालांड, ब्लेकिंगे, बोर्नहोम आणि नॉर्वेतील दोन प्रांत गेले. कालपर्यंत राज्याच्या मध्यभागी असलेले कोपनहेगन एकाएकी सरहद्दीवरचे शहर झाले.

भाषेच्या अभ्यासकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटते. स्कोनेचे लोक डॅनिश बोलत, चर्चमध्ये डॅनिश ऐकत. १६६६ मध्ये स्वीडनने तेथे लुंड विद्यापीठ स्थापन केले आणि पुढील काही दशकांत चर्च व शाळेची भाषा स्वीडिश झाली. तहाने केवळ जमिनीचीच मालकी बदलली नव्हती.

तहानंतर फ्रेडरिकने विजेत्याला फ्रेडरिक्सबोर्ग प्रासादात मेजवानी दिली. त्याच पाहुण्याने ऑगस्टमध्ये, युद्धाची घोषणाही न करता, पुन्हा स्वारी केली. आता राजधानी सोडून जाण्याचा सल्ला फ्रेडरिकने नाकारला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातील हा सर्वांत निर्णायक क्षण आहे. राजा तटबंदीच्या आत राहिला. नागरिक व विद्यापीठाचे विद्यार्थी शस्त्रे घेऊन तटावर उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये डच आरमाराने समुद्रमार्ग मोकळा केला आणि फेब्रुवारी १६५९ मधला रात्रीचा मोठा हल्ला शहराने परतवला. वर्षभराने कार्ल अचानक मरण पावला. १६६० च्या तहात बोर्नहोम आणि नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम प्रांत परत मिळाले. स्कोने मात्र गेले ते गेलेच.

युद्ध सुरू केले राजाने, पण लोकांचा रोष वळला तो करमाफी भोगणाऱ्या उमरावांवर. रिकाम्या खजिन्याचा प्रश्न सोडवण्यासाठी १६६० च्या शरद ऋतूत प्रतिनिधींची सभा भरली, तेव्हा धर्मगुरू आणि नागरिक यांनी राजपद वंशपरंपरागत करण्याची सूचना मांडली. नगराचे दरवाजे बंद करण्यात आले. उमरावांना मान तुकवावी लागली. १६४८ चा तो करारनामा रद्द करून राजाला परत देण्यात आला. १६६५ च्या राजकायद्याने त्याची सत्ता अनियंत्रित झाली. फ्रेडरिक १६७० मध्ये वारला, तेव्हाही हा कायदा गोपनीयच होता. तो प्रसिद्ध झाला १७०९ मध्ये, त्याच्या नातवाच्या कारकिर्दीत.