भूमिगत आकाशवाणी आणि उषाबेन मेहता

आकाशवाणी हा शब्द आज सगळ्या देशाच्या तोंडी आहे, पण तो रूढ झाला आपल्याच राज्यात. म्हैसूरचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले आणि त्याला हे नाव दिले. कन्नडमध्ये रेडिओला बानुली असेही म्हणतात. बान म्हणजे आभाळ आणि उली म्हणजे ध्वनी. आभाळातून येणारा आवाज कुणाचा आहे, तो कोठून येतो, हे ऐकणाऱ्याला दिसत नाही. 1942 साली मुंबईतल्या एका बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने या न दिसण्याचाच उपयोग करून घेतला आणि साऱ्या ब्रिटिश सरकारला अडीच महिने झुलवत ठेवले. तिचे नाव उषा मेहता. आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या वयाचीच ती होती, म्हणून तिचे चरित्र येथे थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते.

उषाबेनचा जन्म 25 मार्च 1920 रोजी गुजरातेत सुरतेजवळच्या सरस या खेड्यात झाला. वडील हरिप्रसाद मेहता हे ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश. म्हणजे घरात सरकारी पगार येत होता आणि त्याच घरातली मुलगी सरकारविरोधी घोषणा देत होती! पाच वर्षांच्या असताना त्यांनी अहमदाबादेत गांधीजींना प्रथम पाहिले. 1928 साली सायमन कमिशनविरुद्ध निघालेल्या निदर्शनांत त्या सामील झाल्या तेव्हा त्यांचे वय आठ वर्षांचे होते. त्या काळची एक गोष्ट मोठी गमतीची आहे. मुलांची एक फेरी निघाली असता पोलिसांनी लाठी चालवली आणि झेंडा धरणारी मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलांना ते फार लागले. मग त्यांनी मोठ्यांच्या मागे लागून झेंड्याच्याच तीन रंगांचे कपडे शिवून घेतले आणि पुन्हा फेरी काढली. काठीवरचा झेंडा खाली पाडता येईल, अंगावरचा झेंडा कसा पाडणार? पुढे जे घडले त्याची युक्ती या पोरवयातल्या खटपटीत दिसते, असे मला वाटते.

1930 साली वडील निवृत्त झाले आणि 1932 मध्ये कुटुंब मुंबईस आले. नोकरीचे बंधन सुटल्यामुळे घरातला विरोध मावळला. उषाबेन गुप्त पत्रके वाटू लागल्या, तुरुंगातल्या सत्याग्रहींना निरोप पोचवू लागल्या. शिक्षणही चांगले चालले होते. विल्सन कॉलेजातून 1939 साली तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि कायद्याचा अभ्यास करू लागल्या. गांधीजींच्या विचाराने त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचा व खादीचा निश्चय केला, तोही शेवटपर्यंत पाळला.

त्या वेळी मुंबईत स्त्रियांची चळवळ नवी राहिली नव्हती. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या होत्या. आपल्या मंगळूरच्या कमलादेवी चट्टोपाध्याय तेव्हा मुंबईतच सत्याग्रहात पुढे होत्या. अवंतिकाबाई गोखले, हंसा मेहता यांची नावे घरोघरी माहीत होती. तरी पुष्कळ ठिकाणी स्त्रीने मिरवणुकीत पुढे चालावे आणि बेत मात्र पुरुषांनी ठरवावा, अशीच वहिवाट होती. ती 1942 ने मोडली. 9 ऑगस्टच्या पहाटे सगळे पुढारी पकडले गेले आणि गवालिया टँकवर झेंडा फडकवला तो अरुणा असफ अली यांनी.

पुढारी आत, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप. अशा वेळी काय करावे? उषाबेन व त्यांच्या काही मित्रांनी ठरवले की स्वतःचे रेडिओ केंद्र काढावयाचे. बाबूभाई खाखर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी ही मंडळी बरोबर होती. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांची मदत झाली. महायुद्धामुळे हौशी लोकांचे प्रक्षेपणाचे परवाने सरकारने रद्द केले होते. तेव्हा नरिमन प्रिंटर नावाच्या तंत्रज्ञाकडून यंत्र जुळवून घेतले. डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन, पुरुषोत्तम त्रिकमदास या भूमिगत नेत्यांचाही हात होता. 27 ऑगस्ट 1942 रोजी 42.34 मीटरवर पहिले प्रक्षेपण झाले. आपण काँग्रेस रेडिओवरून बोलत आहोत आणि केंद्र हिंदुस्थानात कुठेतरी आहे, एवढेच श्रोत्यांना सांगितले जाई. सुरुवातीला इक्बालचे हिंदोस्तां हमारा आणि शेवटी वंदे मातरम्. मध्ये इंग्रजीत व हिंदुस्थानीत बातम्या, भाषणे, सूचना.

वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे माझे लक्ष या उद्योगाच्या व्यवहाराच्या बाजूकडे जाते. यंत्र लागे, वीज लागे, आणि जागा तर सतत बदलावी लागे. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचे अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेख वाडी, असा मुक्काम हलत असे. प्रत्येक ठिकाणी भाडे ठरवावयाचे, शेजाऱ्यांना संशय येऊ द्यावयाचा नाही, आणि पोलिसांची शोधगाडी लहरींचा माग काढीत रस्त्याने फिरत असताना ठरल्या वेळी बरोबर बोलावयाचे. ध्वनिमुद्रण एकीकडे होई व प्रक्षेपण दुसरीकडे. भाषणे नेत्यांची असत हे खरे, पण रोजचा हा गाडा ओढणाऱ्यांत उषाबेन अगदी पुढे होत्या. त्यांना निव्वळ निवेदिका म्हणणे म्हणजे दुकान चालवणाऱ्या बाईला गल्ल्यावर बसणारी म्हणण्यासारखे आहे.

बातम्या कसल्या असत? चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि विदर्भातले आष्टी-चिमूर. चिमूर हे चांदा जिल्ह्यातले गाव. 16 ऑगस्ट 1942 रोजी तेथे उठाव झाला, अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर आलेल्या सैन्याने गावातल्या स्त्रियांवर अत्याचार केले. वृत्तपत्रांना यातले काही छापण्याची सोय नव्हती. नागपूरच्या काही स्त्रिया चिमूरला जाऊन तेथल्या बायाबापड्यांशी बोलून आल्या. प्राध्यापक भन्साळींनी चौकशीच्या मागणीसाठी सुमारे दोन महिने उपवास केला. सरकार मात्र ढिम्म. अशा वेळी चिमूरची हकीकत मुंबईच्या या चोरट्या केंद्रावरून देशाला ऐकू गेली. गावातल्या बाईने जे सांगितले ते खोटे ठरवावयाचे, आणि फार झाले तर तिची अब्रू जाईल म्हणून दडपावयाचे, ही आपली जुनी रीत आहे. एक तरुण मुलगी उघड आवाजात ते सांगणाऱ्या केंद्राचा कारभार पाहते, हे त्या काळाच्या मानाने केवढे धाडस!

12 नोव्हेंबरला खेळ संपला. सकाळी बाबूभाईंच्या कचेरीवर पोलिसांचा छापा पडला. उषाबेन तेथेच होत्या. काहीतरी निमित्त सांगून त्या निसटल्या आणि ध्वनिमुद्रण चालले होते त्या ठिकाणी जाऊन त्यांनी सहकाऱ्यांना सावध केले. त्या दिवशी प्रक्षेपण रद्द केले असते तर कोणी नाव ठेवले नसते. तरीही संध्याकाळी त्या व चंद्रकांत झवेरी पारेख वाडीत गेले. इकडे तो तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला होता आणि त्यानेच जागा दाखवली. कार्यक्रम संपत आला होता, वंदे मातरम् ची तबकडी फिरत होती, तोच दारे फोडून पोलीस आत शिरले. तबकडी थांबवा म्हणून हुकूम झाला. उषाबेननी ती पुरती वाजू दिली. वीज गेली, अंधार झाला, आणि जिन्यावर पोलिसांच्या रांगा उभ्या असताना ते दोघे खाली उतरले. यंत्राबरोबर काँग्रेसच्या अधिवेशनांची छायाचित्रे व ध्वनिपट असलेल्या 22 पेट्याही पोलिसांनी नेल्या.

मग चौकशी सुरू झाली, ती सहा महिने चालली. परदेशी शिक्षणाला पाठवू, पण साथीदारांची नावे सांगा, असे आमिषही त्यांना दाखवण्यात आले. ज्या मुलीने अडीच महिने देशभर आवाज पोचवला ती आता एक शब्द बोलेना. विशेष न्यायालयाचे न्यायमूर्ती ना. स. लोकूर यांनी 14 मे 1943 रोजी निकाल दिला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष अशी शिक्षा झाली. विठ्ठलभाई व मोटवाने सुटले. उषाबेनना येरवड्यास ठेवले. तेथे त्यांची प्रकृती फार ढासळली व त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हलवावे लागले. 1946 साली त्या सुटल्या. स्वातंत्र्याच्या दिवशी त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या.

आता यातली सर्वांत विलक्षण गोष्ट. भूमिगत माणसे कागद ठेवीत नाहीत, सापडला की फास. काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले हे आज आपल्याला कळते ते पोलिसांमुळे! सरकारचे लोक रोज संध्याकाळी यंत्राला कान लावून बसत आणि ऐकलेला मजकूर उतरवून घेत. खटल्यात तोच पुरावा म्हणून दाखल झाला आणि दप्तरांत पडून राहिला. या दप्तरांच्या आधारे उषा ठक्कर यांनी 2021 साली काँग्रेस रेडिओवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ती प्रक्षेपणे वाचावयास मिळतात. 2024 साली उषाबेनवर हिंदी चित्रपटही निघाला, पण दप्तरातला कोरडा मजकूर वाचताना येतो तसा काटा तो पाहताना येत नाही, असे माझे मत आहे.

येथे आपल्या भागाचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. 1942 साली बीदर आणि गुलबर्गा हे निजामाच्या मुलखात होते. स्टेट काँग्रेसवर 1938 पासून बंदी होती, रेडिओ केंद्र हैदराबादला आणि तेही निजामाचे. 17 सप्टेंबर 1948 ला शरणागतीची वार्ता त्याच रेडिओवरून कानी आली. त्या दहा वर्षांत भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या खेड्यांतून आपल्या आज्या-पणज्यांनी कोणाला भाकरी पोचवली, कोणाला कणगीमागे लपवले, कोणत्या रात्री लेकरे घेऊन शिव ओलांडली, हे कोण लिहून ठेवणार? त्यांच्यामागे टिपणे घेणारा पोलीससुद्धा नव्हता. काही घरांत त्या गोष्टी मराठीत सांगितल्या जातात, काही घरांत कन्नडमध्ये, आणि सांगणारी म्हातारी गेली की दोन्ही भाषांत एकदमच संपतात. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास मंडळाने दर सुटीत दहा-दहा मुलाखती जरी घेतल्या तरी पुष्कळ होईल, ही सूचना प्राध्यापक मंडळींपुढे नम्रपणे ठेवतो.

उषाबेन पुढे राजकारणात शिरल्या नाहीत. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या तेथेच सुमारे तीस वर्षे शिकवले, नंतर विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या व 1980 साली निवृत्त झाल्या. आणीबाणीनंतरच्या, 1977 ते 1980 या काळातल्या निवडणुकांत स्त्री व पुरुष मतदारांनी कसे मतदान केले याचा अभ्यासही त्यांनी सहकाऱ्यांसह केला. बाईचे मत नवऱ्याच्या मताची सावली असते असे जे सर्रास बोलले जाते, ते त्यांना तपासून पाहावेसे वाटले असावे. मुंबईच्या मणिभवनाशी व गांधी स्मारक निधीशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. 1998 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

दर वर्षी 9 ऑगस्टला त्या गवालिया टँकवर, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर जात. 2000 साली त्या दिवशी अंगात ताप होता, तरी त्या गेल्या. घरी परतल्या त्या थकून, आणि 11 ऑगस्ट रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षात, त्यांचे निधन झाले.