विश्लेषण : जोडीदाराचे प्रेत शोधायला रणांगणावर उतरलेली अनिता गॅरिबाल्डी कोण होती?

इटलीच्या एकीकरणाचा सेनानी ज्युसेप्पे गॅरिबाल्डी महाराष्ट्राला स्वातंत्र्यलढ्याच्या काळापासून परिचित आहे. त्याची पत्नी अनिता मात्र ब्राझीलची. तिचे नाव झाले ते एका माघारीत, हरलेल्या लढाईमुळे.

बंड कशासाठी?

दक्षिण ब्राझीलमधील रिओ ग्रांदे दो सुल प्रांत गुरे आणि खारवलेल्या सुक्या मांसावर जगत होता. आपल्या मालावर कराचा बोजा आणि परदेशी मांस मात्र स्वस्त, ही तेथील जमीनदारांची तक्रार होती. १८३५मध्ये उठाव झाला, १८३६मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर झाले. बंडखोरांना ‘फारापोस’, म्हणजे चिंध्या, असे हिणवले जाई.

अनिता बंडात कशी आली?

१८२१मध्ये सांता कातारिना प्रांतात गरीब घरात जन्मलेल्या अनिताचे लग्न चौदाव्या वर्षी एका चांभाराशी झाले होते. जुलै १८३९मध्ये बंडखोरांनी तिच्या प्रांतातील लगुना बंदर जिंकले. त्यांच्या जहाजांचा प्रमुख गॅरिबाल्डी होता. घरदार सोडून ती त्याच्यासोबत निघाली. नोव्हेंबरमध्ये बादशाही फौजांनी लगुना परत घेतले आणि बंडखोर आतल्या पठाराकडे हटले.

कुरितिबानोसला काय घडले?

जानेवारी १८४०मध्ये मागे हटणाऱ्या बंडखोरांना सरकारी फौजेने कुरितिबानोसजवळ गाठले. अनिताकडे दारूगोळा पोहोचवण्याचे काम होते. या लढाईत ती कैद झाली. गॅरिबाल्डी मारला गेल्याचे तिच्या कानावर आले. त्याचे प्रेत शोधण्याची परवानगी मिळवून तिने रणांगणावरील मृतांचे चेहरे पाहिले. तो त्यांत नव्हता. तो जिवंत असणार, या आशेवर ती संधी साधून निसटली. जंगल आणि नदी ओलांडून तिने काही दिवसांनी त्याला गाठले. तेव्हा ती गरोदर होती. सप्टेंबरमध्ये मुलगा मेनोत्ती जन्मला.

पुढे काय झाले?

१८४२मध्ये दोघांनी माँटेव्हिडिओत लग्न केले. १८४५च्या तहाने बंड संपले आणि प्रांत ब्राझीलमध्येच राहिला. १८४९मध्ये रोमचे प्रजासत्ताक कोसळल्यावर अनिताच्या वाट्याला पुन्हा माघार आली. पाठीवर ऑस्ट्रियाचे सैन्य, पुन्हा पोटात मूल आणि अंगात ताप. ४ ऑगस्टला राव्हेन्नाजवळ तिचा मृत्यू झाला. तेव्हा तिला अठ्ठाविसावे वर्ष होते. पाठलाग सुरू असल्याने गॅरिबाल्डीला तिच्या दफनासाठीही थांबता आले नाही.

आज रोममधील जानिकोलो टेकडीवर तिचा अश्वारूढ पुतळा आहे. एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात तान्हे बाळ. त्याखालीच तिच्या अस्थी आहेत.