शिशाच्या विषबाधेचा माग काढणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन

पोटात वारंवार कळा, बद्धकोष्ठता, मनगटातली ताकद कमी होणे अशा तक्रारी असतील, तर डॉक्टर तुम्हाला ‘काम काय करता?’ असे विचारतात का? या प्रश्नाचे महत्त्व अमेरिकेला पटवून दिले डॉ. ॲलिस हॅमिल्टन (१८६९–१९७०) यांनी.

१८९७ पासून त्या शिकागोतील ‘हल हाऊस’मध्ये, कामगारांच्या वस्तीत राहिल्या. १९१० मध्ये इलिनॉय राज्यातील व्यावसायिक आजारांची पाहणी त्यांच्याकडे आली. कामगार हात न धुता जेवतात म्हणून शिसे पोटात जाते, असा तेव्हा समज होता. हॅमिल्टन यांनी कारखाने पाहिले, कामगारांच्या घरी गेल्या, रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. मुख्य कारण निघाले हवेतली शिशाची धूळ आणि धूर.

१९१९ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातील पहिल्या महिला अध्यापक झाल्या. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्यास त्यांनी १९२५ मध्ये विरोध केला, पण तो मानला गेला नाही. भारतभर शिसेमुक्त पेट्रोल यायला २००० साल उजाडले.

तुमच्या घरात कोणी बॅटरीचे, जुना रंग खरवडण्याचे किंवा भंगार वितळवण्याचे काम करत असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. रक्तातील शिसे तपासता येते. कामाचे कपडे वेगळे धुवा. त्यांवरची धूळ मुलांपर्यंत पोहोचते.