हिमसागरातील वनस्पती ओळखणारा: जोसेफ हूकर

सात खंडांचा ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ सिद्ध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून सर जोसेफ डाल्टन हूकर आपल्याकडे परिचित आहेत. त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ मात्र दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात झाला.

हूकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडमधील हेल्सवर्थ येथे झाला. ग्लासगो येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन १८३९ मध्ये ते जेम्स क्लार्क रॉस यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत सहायक शल्यचिकित्सक म्हणून ‘एरेबस’ जहाजावर रुजू झाले. व्हिक्टोरिया लँडच्या हिमाच्छादित किनाऱ्यावर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागण्याजोगे काहीच नव्हते. समुद्रातील बर्फावर मात्र ठिकठिकाणी तपकिरी छटा दिसे. हूकर यांनी तिचे नमुने जपले. ती छटा डायाटम या सूक्ष्म जीवांची होती. बर्लिनचे विख्यात संशोधक एरेनबर्ग त्यांना प्राणी मानत. हूकर यांनी त्या वनस्पती असल्याचे मांडले आणि त्या सागरातील समस्त जीवसृष्टीचे पोषण त्यांच्यावरच होते, हेही दाखवले. समुद्रतळाच्या गाळात त्यांची कवचे साचलेली त्यांना आढळली.

पुढे सिक्कीमचा प्रवास, तेथील कैद, डार्विन यांचा स्नेह आणि १८६५ ते १८८५ पर्यंत क्यू उद्यानाचे संचालकपद असे समृद्ध जीवन त्यांना लाभले. १० डिसेंबर १९११ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्या तपकिरी छटेचे खरे मोल नंतरच्या पिढ्यांना उमगले. डायाटम सूर्यप्रकाशात पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषतात. सिलिकाच्या जड कवचांसह त्यांचे अवशेष खाली जातात आणि त्यांतील काही कार्बन शतकानुशतके खोल पाण्यात राहतो. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडचा जो वाटा महासागर शोषतात, त्यातील सुमारे ४० टक्के एकटा दक्षिण महासागर सामावून घेतो. आता हे संतुलन डळमळू लागले आहे. पश्चिमी वारे प्रबळ झाल्याने खोलवरचे कार्बनयुक्त पाणी अधिक प्रमाणात वर येऊन आपला वायू हवेत सोडू शकते. २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरी बर्फाने नीचांक गाठला. बर्फाच्या आश्रयाने वाढणाऱ्या या वनस्पतींचे पुढे काय होईल, यावर उद्याच्या हवेतील कार्बनचे प्रमाण काही अंशी अवलंबून आहे.

गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ त्याच दक्षिण महासागराचा अभ्यास करीत आहेत. हूकर यांनी ज्यांना वनस्पती ठरवले, ते डायाटम याच महासागरात वाढतात.