हेलसिंकीत १० गोल खाल्ले, दहा वर्षांनी जकार्तात सोनं जिंकलं : कोच रहीम साहेबांची गोष्ट

हिंगोली जिल्हा झाला १९९९ ला. त्याआधी ते परभणीत होतं, आणि १९५६ पर्यंत अख्खा मराठवाडा हैदराबाद राज्यात. म्हणजे हिंगोलीकरांची राजधानी हैदराबाद. त्याच राजधानीतला एक शाळामास्तर भारताची फुटबॉल टीम घडवत होता. सय्यद अब्दुल रहीम.

१९०९ चा जन्म. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथं फुटबॉल खेळले, मग शाळेत शिकवायला लागले. १९४३ पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे कोच. मुंबईत हा संघ चांगलाच गाजला, कारण १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप यांनीच नेला.

मास्तरकी अंगात मुरलेली. पोरांसाठी ते अशा स्पर्धा ठेवायचे की ज्यात ड्रिबलिंगच बंद. कधी फक्त कमजोर पायानं खेळायचं. म्हणजे ज्याचा उजवा पाय चालतो, त्यानं डाव्यानंच बॉल मारायचा.

१९५० मध्ये भारतीय संघ त्यांच्याकडं आला. पुढच्याच वर्षी दिल्लीत इराणला १-० हरवून एशियन गेम्सचं सोनं. सगळं झकास चाललेलं, आणि १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं १०-१ असं धुतलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

नोव्हेंबर १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्याभरानं, १ डिसेंबरला, रहीम यांच्या टीमनं मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ नं लोळवलं. त्यातले तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाचे. भारत चौथा आला. पदक हुकलं, पण ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये यापेक्षा वर आपण कधीच गेलो नाही.

खरी परीक्षा होती १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्सची. रहीम यांना फुप्फुसाचा कॅन्सर झालेला. पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. त्यात इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला बाहेर ठेवलं म्हणून भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि तिथलं पब्लिक भारतावर खवळलं. डिफेंडर जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले, तर गोलकीपर पीटर थंगराज आजारातून उठलेला.

४ सप्टेंबरला फायनल. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. रहीम यांनी थंगराजला गोलमध्ये उभं केलं आणि टाके घातलेल्या जर्नेलला बचावातून काढून थेट पुढं खेळवलं. हा जुगारच होता, कारण जर्नेल म्हणजे बचावाचा कणा. पण पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि तीनच मिनिटांत दुसरा आला तो जर्नेलचाच. स्टेडियमभर लोक भारताविरुद्ध ओरडत होते. कोरियानं शेवटी एक गोल फेडला, तोवर उशीर झाला होता. भारत २-१ नं जिंकला.

११ जून १९६३ ला, म्हणजे फायनलनंतर नऊ महिन्यांनी, रहीम साहेब गेले. वय ५३. त्यांच्यावरचा अजय देवगणचा 'मैदान' यायला २०२४ साल उजाडलं. फुटबॉलमधलं एशियन गेम्सचं सोनं मात्र जकार्तानंतर भारतात आलेलं नाही.