वर्षाला एक गुल्डन भाडं

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. मी लिहितोय त्या वसाहतीला पाचशेच्या वर झाली. शिवाय ती बांधली एका सावकाराने, म्हणून माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला तिचं विशेष कौतुक.

याकोब फुगर १४५९ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात जन्मला. आजोबा खेड्यातून आलेले विणकर. याकोब भावांत धाकटा. त्याला चर्चच्या सेवेत घालायचं ठरलं होतं, पण तो व्हेनिसला जाऊन व्यापार आणि जमाखर्च शिकला. पुढे तांब्या-चांदीच्या खाणी, राजेरजवाड्यांना कर्जं. १५१९ मध्ये पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून आला, तोही मुख्यतः याच्याच पैशावर. कर्जापोटी खाणींचं उत्पन्न लिहून घ्यायचा. आमच्या कर्ज विभागात शोभला असता!

त्या काळी युरोपात बेघर, भिकारी दिसला की फटके मारून वेशीबाहेर काढत. फुगरने कष्ट करूनही ज्यांचं भागत नाही अशा कारागीर-मजुरांसाठी १५२१ मध्ये रीतसर दस्त करून ‘फुगराय’ वसाहत उभी केली. माणूस रस्त्यावर आल्यावर त्याला बडवण्यापेक्षा त्याला रस्त्यावर येऊच न देणं मला जास्त हिशेबी वाटतं. सुरुवातीला ५२ घरं, दुमजली. खालच्या आणि वरच्या बिऱ्हाडाला दार वेगवेगळं. भाडं वर्षाला एक ऱ्हाइनी गुल्डन आणि रोज फुगर घराण्यासाठी तीन प्रार्थना. फुकट नाही, म्हणजे मिंधेपणा नाही.

उणीवही सांगायला हवी. प्रवेश फक्त गावच्या कॅथलिकांना. भिकाऱ्यांना तिथे जागा नव्हतीच. म्हणजे ज्यांना फटके बसत, त्यांचे फटके काही चुकले नाहीत.

फुगर १५२५ मध्ये निपुत्रिक वारला. त्याच्या साम्राज्याचं पुढे काय व्हायचं ते झालं, वसाहत मात्र टिकली, कारण घरांसोबत त्याने निधीही ठेवला होता. नंतरच्या विश्वस्तांनी पैसा जंगलात गुंतवला आणि आजही खर्च बराचसा लाकडाच्या उत्पन्नावर चालतो. मोत्झार्टचे गवंडी पणजोबा इथेच राहत. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात बराच भाग कोसळला, तो पुन्हा बांधला.

भाडं तेच आहे. युरोत ८८ सेंट, वर्षाचे. हीटिंग वगैरे वेगळं. रात्री दहाला फाटक बंद होतं आणि उशिरा येणाऱ्याला वॉचमनला चिल्लर मोजावी लागते. (आपल्या कमिटीने एवढा भाग वाचला नाही तरी चालेल.)